सांता लुसियाचं तोंड भिंतीकडे

१९ मार्च, सान होसेचा दिवस

हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. कागद वाया घालवणं माझ्या आईला कधी जमलं नाही, मलाही जमत नाही. तेव्हा पुढच्या पानांवर पीठ-मीठ आणि इथे मनातलं.

आज हरणाच्या शिकारीच्या परवान्यासाठी सरकारी सोडतीचा अर्ज भरला. गेल्या वर्षापर्यंत आम्हाला याची गरज नव्हती. ओनोफ्रे जन्मभर ज्या रँचवर राबला, तिथल्या म्हाताऱ्या मालकाची चिठ्ठी असली की झालं. ठरलेलं हरीण दर नोव्हेंबरात आमच्या पडवीत टांगलेलं असायचं. फेब्रुवारीत रँच टेक्सासच्या माणसाने घेतली. ओनोफ्रेची नोकरी गेली आणि फाटकाला कुलूप लागलं. नवं तारेचं कुंपण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागूनच जातं. भांडी घासताना मान वर केली की तार दिसते.

आणि यंदाच नेमकं चर्चचं मानकरीपण, म्हणजे वर्षभर चर्च सांभाळून सणाचं जेवण घालायचा मान, आमच्याकडे आलाय. जानेवारीत किल्ल्या हातात घेताना ओनोफ्रे सगळ्या गावासमोर बोलून बसला, "माझ्या वडिलांनी सांता लुसियाच्या सणाला हरणाचं मांस वाढलं होतं. मीही हरणाचंच वाढीन." तेव्हा रँच आमच्यासाठी उघडी होती. आता शब्द आहे आणि रान नाही.

तीन पसंतीचे विभाग लिहायचे होते. कुठल्या विभागात मागच्या वर्षी किती अर्ज आले त्याचा तक्ता पुस्तिकेत होता. एक विभाग असा सापडला की सरकारी रान भरपूर आणि अर्ज अगदी थोडे. लोकांना वाचता येत नाही की काय? तोच पहिला लिहिला.

ओनोफ्रे म्हणाला, "तुझंही नाव घाल."

"माझं? मी आयुष्यात एकच कोंबडीचोर कोयोट मारला, तोही खुराड्यात अडकलेला."

"घाल गं. दोन परवाने, दोन हरणं."

मांसाचा विचार करून घातलं. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं, तरी त्याने ती रेघेच्या खालीच केली.

२९ एप्रिल

दोघांचीही नावं आली! एलिसेओचं नाही आलं. एलिसेओ म्हणजे आमच्या मुलीचा, रोसेंदाचा, धर्मपिता, म्हणून मला कोमाद्रे म्हणतो. ओनोफ्रे आणि तो पोरवयापासून एकत्र शिकार करतात. तो लगेच आला.

"कोमाद्रे, ते रान आपल्या ओळखीचं नाही."

"कुणाच्याच नाही, म्हणून तर मिळालं."

"मी येतो बरोबर."

ओनोफ्रे बाहेर लाकडं फोडत होता, तिथूनच ओरडला, "परवाना नाही तर काय भांडी घासायला येणार?"

"घासीन."

"आधी घरची घास. तुझ्या बायकोची तक्रार आहे."

हसला एलिसेओ, पण जाताना माझा हात धरून म्हणाला, "त्याला एकट्याला जाऊ देऊ नका." नाव आलं नाही म्हणून वाईट वाटलं असेल बिचाऱ्याला. गेली दोन वर्षं हरीण कुणाच्या गोळीने पडलं यावरून दोघांचं काहीतरी आहे. विचारलं की दोघेही विषय बदलतात.

११ जून

ट्रकचा डावा दिवा फुटला. ओनोफ्रेने टेक्सासवाल्याच्या नव्या खांबाला धडक दिली. "खांब रस्त्यात आणून रोवलाय हलकटाने." मी जाऊन पाहिलं. खांब रस्त्यापासून चांगला लांब आहे. पण मी बोलले नाही. नोकरी गेलेल्या माणसाला खांबाचा राग येणारच.

६ जुलै

पोस्टात माझी चुलत बहीण बेनेरांदा समोरून आली, हसली, ओनोफ्रे तिच्या अंगावरून निघून गेला. तिने मला नंतर ऐकवलं, "मानकरी झाल्यापासून तुझ्या नवऱ्याला माणसं दिसेनाशी झाली." घरी येऊन मी त्याला बोलले. म्हणाला, "विचारात होतो." रँच गेल्यापासून माणूस आत आत जायला लागलाय. चर्चमध्येही बघते, गुडघे टेकले की उठत नाही. सांता लुसियापुढे त्याने या महिन्यात इतक्या मेणबत्त्या लावल्या की मी म्हटलं, जरा दुसऱ्या संतांनाही उजेड मिळू दे. आणि साखर आहे म्हणून गोड खाऊ नको म्हटलं तर रात्रीच्या जेवणावर जॅम. तालुक्याच्या डॉक्टरची तारीख पुन्हा चुकवली. "तो काय नवं सांगणार? साखर आहे. मलाही माहीत आहे साखर आहे."

१७ ऑगस्ट

नकाशा आला. मोठा आहे, पलंगावर पसरला. पिवळं म्हणजे सरकारी रान, निळं राज्याचं, हिरवं जंगलखात्याचं, पांढरं खाजगी. मी म्हटलं, ये, दोघं बघू. तो खुर्चीतूनच म्हणाला, "तू वाच. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी केलीत. तू वाच, मी डोक्यात ठेवतो."

मग मी वाचत बसले. डोंगर, झरे, ओढे. त्याने प्रश्न मात्र बरोबर विचारले. झरा डोंगराच्या कुठल्या बाजूला? उतार उत्तरेला का? पिन्योनची झाडी कुठे संपते? न बघता असे विचारतो जणू तिथे उभा आहे.

आणि मग मी रंग नीट पाहिले. आमच्या विभागातलं ते भरपूर पिवळं रान आहे ना, त्याच्या चहूबाजूंनी पांढरं आहे. एकही रस्ता पांढऱ्यातून गेल्याशिवाय पिवळ्यात शिरत नाही. म्हणून अर्ज थोडे. लोकांना वाचता येतं, मलाच येत नाही.

१८ ऑगस्ट

शिकारखात्याच्या कचेरीत फोन केला. बाई चांगली होती.

"ती जमीन सरकारीच आहे ना?"

"हो बाई. म्हणजे तुमचीच आहे. फक्त तिथे जायला रस्ता नाही."

"मग सोडतीत का ठेवता?"

"हरणं तिथे आहेत ना," म्हणाली.

परवाने परत करता येतात का विचारलं. येतात, पण मग हरीण कुठून आणायचं? ओनोफ्रे ऐकत होता. म्हणाला, "परत देऊ. सांगू लोकांना, रान बंद होतं." इतक्या लवकर? या माणसाने बर्फात तीन दिवस एका जखमी नराचा माग काढलाय. मला त्याचा राग आला. म्हटलं, "शब्द तू दिलास, रस्ता मी शोधते. तू फक्त यायचं."

८ सप्टेंबर

रान बघायला गेलो. पहाटेच निघालो, रस्ता मोकळा असतो म्हणून. ओनोफ्रे म्हणाला, "बोलत राहा, नाहीतर झोप लागते. वळण आलं की सांग." मी सगळी वाट सांगत गेले. डावं वळण. आता सरळ. समोर दुधाची गाडी. मला ट्रक चालवता येत नाही. बापाने शिकवलं नाही, मग ओनोफ्रे होताच. पण आज वाटलं की अर्धा ट्रक मीच चालवला.

कच्चा रस्ता फाटकापाशी संपला. कुलूप. आम्ही उभे असताना आतून रँचचा माणूस आला, तरुण, हॅट काढून बोलला.

"नकाशा घेऊन आलात ना? सगळे नकाशा घेऊनच येतात."

"आमच्याकडे परवाना आहे," मी म्हटलं.

"असेल, सेन्योरा. तो हरणाचा आहे. फाटकाचा नाही."

तारेपलीकडे, दूर, आमचा पिवळा डोंगर होता. "केवढा सुंदर दिसतोय बघ," मी म्हटलं. ओनोफ्रे म्हणाला, "हो." पण तो बघत होता भलतीकडेच.

घरी आले आणि माझा ताबा सुटला. ओनोफ्रेच्या आईची लाकडी सांता लुसिया कोनाड्यात असते. एका हातात खजुराची फांदी, दुसऱ्या हातातल्या ताटलीत तिचे दोन डोळे. चर्च तिचं, सण तिचा, जेवण तिच्या नावाचं, आणि फाटक उघडून देता येत नाही? मी तिला उचललं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. माझी आई असंच करायची. संत काम करत नसेल तर त्याला भिंत बघायला लावायची, मग करतो.

ओनोफ्रेने हात लावून पाहिलं आणि एकदम ओरडला.

"तिला नको! दुसऱ्या कुणालाही फिरव. सान अन्तोनियोला फिरव."

"सान अन्तोनियोचा काय संबंध? हरवलेली वस्तू शोधायचीय का?"

"झेनायदा, तिला सरळ कर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या गयावया तो कधी करत नाही. पण मी हट्टाला पेटले होते. हरीण पडवीत टांगलं की सरळ करीन, त्याआधी नाही.

१३ सप्टेंबर

सापडलं! भिंतीने काम केलं. नकाशावर दक्षिणेकडे, जिथे जिल्ह्याचा रस्ता कोरड्या ओढ्यावरून जातो, तिथे पिवळ्याची एक बारीक जीभ रस्त्याला चाटून गेलीय. भिंगाशिवाय दिसत नाही. तिथे ट्रक ठेवायचा आणि ओढ्याच्या पात्रातून वर चालायचं. कचेरीतल्या बाईने पण नकाशा काढून पाहिला. म्हणाली, "मी इतकी वर्षं इथे आहे, माझ्या लक्षात नाही आलं."

ओनोफ्रेला सांगितलं तर त्याला आनंद झालेला दिसला नाही. "ओढ्यातून? दगडगोट्यांतून?" म्हणाला. मग, "तू पुढे चाल. मी तुझ्या मागे."

सांता लुसियाला अजून सरळ केलं नाही. अर्धंच काम झालंय.

२० ऑक्टोबर

मागच्या अंगणात डबा ठेवून मला नेम शिकवला. म्हणाला, श्वास अर्धा सोड आणि थांब. मी मारली.

"कुठे लागली?"

"तू बघतोयस ना?"

"तुला कळतं का ते बघतोय."

डब्याच्या खाली, डावीकडे मातीत लागली होती. तसं सांगितलं. "मग थोडं वर, उजवीकडे." चौथ्या वेळी डबा उडाला. आवाजावरूनच खुश झाला. स्वतः मात्र एकही नाही मारली, म्हणे काडतुसं महाग आहेत. काटकसर शिकला एकदाचा.

सकाळी कॉफी ओतताना कपात बोट घालतो, ही नवीन सवय. किळसवाणी आहे. बोलले तर म्हणाला, गरम आहे का बघतो.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

कबरी झाडल्या. सुकी भाकरी, बीन्स, मिरची, कॉफी, आयोडीन, दोरी असं सामान भरलं. शनिवारी निघायचं. एलिसेओ काल पुन्हा आला होता. दोघे ट्रकपाशी हळू बोलत होते. मी जवळ गेल्यावर एलिसेओ म्हणाला, "सांग तिला." ओनोफ्रे म्हणाला, "कॉफीचं सांगतोय. जास्त घे." एवढ्यासाठी एवढं?

९ नोव्हेंबर

घरी आहोत. आधी हे लिहिते की घरी आहोत.

शनिवारी ओढ्यापाशी पोहोचलो. मी पुढे, तो माझ्या पिशवीच्या पट्ट्याला धरून मागे. मी म्हटलं, ओढतोस काय बैलासारखा? म्हणाला, "म्हातारा झालोय, ओढू दे." वर झऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा आम्हीच दोघं होतो, आणि चिखलात खुरांचे ठसे. त्याने वाकून ते बोटांनी चाचपले. "नर आहे. मोठा. आज सकाळचा." मला नुसते खड्डे दिसले. अंधार पडायच्या आत तंबू लावला. तो वाऱ्याचा वास घेत बसला होता. "बर्फ येतोय. उद्या दुपारपर्यंत निघायला हवं." तो कच्चा रस्ता भिजला की ट्रक वसंतापर्यंत तिथेच, हे आम्हाला फाटकावरच्या पोराने सांगितलं होतं.

काल उजाडताना झऱ्याच्या वर बसलो. थंडीने माझे दात वाजत होते. तो हलत नव्हता. मग त्याने माझा हात दाबला. खाली काटक्या मोडल्या. मलाही ऐकू आलं. त्याने बंदूक उचलली, दुर्बिणीला डोळा लावला, खटका काढला.

पिन्योनच्या मागून बाहेर आली ती गाय होती. रँचची, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, कानात बिल्ला. उघड्यावर उभी राहिली, पाणी प्यायला मान खाली घातली. बंदुकीची नळी तिच्यावर होती. मी वाट बघत होते की आता तो हसेल. त्याचं बोट चापावर गेलं.

"ओनोफ्रे. गाय आहे."

बोट तिथेच थांबलं.

"माहीत आहे," म्हणाला. "दुर्बिणीतून बघत होतो."

"कुठल्या रंगाची आहे?"

गाय पाणी पीत होती. तिच्या गळ्याखालून पाणी ठिबकताना मला दिसत होतं, इतकी जवळ. तेव्हा सगळं माझ्या अंगावर एकदम आलं. खांब, सही, कपातलं बोट, बेनेरांदा, मेणबत्त्या. वळण आलं की सांग. ताटलीतले दोन डोळे; नजरेसाठी लोक तिलाच साकडं घालतात. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि तिला तसं मीच ठेवलं होतं.

त्याने काडतुसं काढली आणि अंदाजाने माझ्या ओंजळीत ठेवली. एक खाली पडलं, ते मी उचललं.

"कडा दिसतात," म्हणाला. "मध्ये काही नाही. कुणीतरी मध्येच मूठ धरल्यासारखं."

"कधीपासून?"

"रँचवर निभावलं. तिथला दगडन् दगड पायाला माहीत होता. दोन्ही वर्षं एलिसेओनेच मारलं." मग म्हणाला, "तुझे केस पांढरे झालेत का गं?"

"कधीचेच झालेत, मूर्खा," मी म्हटलं, आणि रडायचं नव्हतं तरी रडले. "मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी चालवत नाहीस. मी पण चालवली नाही तर त्या कुंपणाच्या अलीकडे अडकून आपण दोघं काय करणार होतो?"

ढग खाली आले होते. तंबू काढला. मला हरीण मारायचा हक्क अजून होता, परवाना माझ्या खिशात होता, पण बर्फाचे पहिले कण पडायला लागले. ओढ्यातून उतरताना मी प्रत्येक दगड तोंडाने सांगितला. ट्रकपाशी आलो तेव्हा रस्ता पांढरा व्हायला लागला होता. त्याने सवयीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच दाराला धरून उभा राहिला. पांढऱ्यावर त्याला काहीच दिसत नव्हतं.

"सरक," मी म्हटलं.

"तुला येत नाही."

"तुला दिसत नाही. सरक."

क्लच कुठला ते त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. तीनदा इंजिन बंद पडलं. चौथ्यांदा त्याने डोळे मिटले आणि इंजिनाचा आवाज ऐकत म्हणाला, "आता. आता सोड हळू." मग सगळी वाट तो तेच सांगत आला. ओरडतंय, वरचा गियर टाक. धाप लागलीय त्याला, खाली उतर. मी वळणं बघत होते, तो गियर ऐकत होता. दिवसभर लागला. मोठ्या रस्त्यावर मागून लोक भोंगे वाजवत होते. वाजवू देत.

घरात शिरले ती कोट न काढता कोनाड्यापाशी गेले आणि तिला सरळ केलं. कोटाच्या बाहीने तिच्या ताटलीवरची धूळ पुसली. मागे वळले तर ओनोफ्रे दारात उभा होता.

"फिरवलीस?"

"फिरवली."

"बरं," म्हणाला, आणि बोट न घालता कॉफी ओतायला गेला. टेबलभर सांडली.

२४ नोव्हेंबर

रोसेंदा येऊन त्याला आल्बुकर्कीला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, साखरेने डोळ्यांतलं गेलं ते गेलं. राहिलंय ते सुईने आणि किरणांनी राखता येईल, साखर सांभाळली तर. दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं, हेही म्हणाला. जॅमच्या बरण्या मी बेनेरांदाला देऊन टाकल्या.

एलिसेओ मला रोज रिकाम्या मैदानात ट्रक शिकवतो. सैतानासारखा ओरडतो. ओनोफ्रे काठावर उभा राहून ऐकतो आणि त्याच्यावर ओरडतो, "तिला सांगू नको, ऐकू दे!"

१३ डिसेंबर, सांता लुसिया

सण झाला. डुक्कर शिजवलं, लाल मिरचीत, दोन दिवस मुरवून. काल संध्याकाळी मिरवणुकीआधी ओनोफ्रे चर्चच्या पायरीवर उभा राहिला आणि टोपी काढली.

"हरणाचा शब्द दिला होता. हरीण नाही. मला ते दिसलं नाही."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणून तर ते जगलं, भावा!"

"नाही," तो म्हणाला. "मला दिसत नाही. कुणीच दिसत नाही. बेनेरांदा, त्या दिवशी पोस्टात मी तुला पाहिलं नव्हतं."

बेनेरांदा पुढे आली आणि त्याच्या तोंडासमोर, अगदी जवळ, उभी राहिली. "ही मी," म्हणाली. "म्हातारी झालेय, काही चुकलं नाही तुझं."

मूर्ती मानकऱ्याने न्यायची असते. एलिसेओने हात पुढे केले. ओनोफ्रे म्हणाला, "परवाना आहे का तुझ्याकडे?" आणि मूर्ती स्वतः घेतली. शेकोट्या पेटल्या होत्या. जमीन गोठलेली, खडबडीत, गाडीच्या चाकोऱ्यांनी भरलेली. मी त्याच्या डाव्या अंगाला, मूर्तीला हात न लावता, जपमाळ घेऊन. सगळं गाव मागून प्रार्थना म्हणत होतं, मीही म्हणत होते, त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

कृपेने पूर्ण मरिये, तुला नमस्कार, दगड, प्रभू तुझ्यासोबत आहे, आता उतार, तू स्त्रियांमध्ये धन्य, उजवीकडे शेकोटी, थोडं डावीकडे, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, पायरी, आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी, अजून एक पायरी. आमेन. पोहोचलो.